हक्क राखला, हमी कोण देणार?

पिकांवरील बुरशी कडुनिंबाच्या तेलाने आटोक्यात आणण्याच्या एका पद्धतीचे पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली अमेरिकेचे कृषिखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना दिले होते. भारतातून व युरोपातून हरकती घेतल्या गेल्या. २००० साली ते रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. हा निर्णय न्याय्यच होता. परंतु त्यामुळे घेवडा पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच.

तांबेरा, भुरी, करपा ही घेवड्याची नेहमीची दुखणी. कोवळ्या शेंगा थोड्याथोड्या दिवसांनी तोडाव्याच लागतात. रासायनिक औषध फवारल्यावर तोडणीपूर्वी ठरावीक दिवस थांबावे, हा नियम पाळला तर शेंगा निबर होऊन भाव जातो. मोडला तर औषधाचा अंश ग्राहकाच्या ताटात जातो. वनस्पतींच्या अर्कांचे महत्त्व या कोंडीत आहे. निंबोळी व लसूण यांचे अर्क बुरशीच्या वाढीस अटकाव करतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

तथापि प्रयोगशाळा म्हणजे शेत नव्हे. पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवावयाची, गाळावयाची आणि पाणी घालून शंभर लिटर द्रावण करावयाचे, ही कृती सोपी आहे. पण निंबोळी जुनी वा बुरसलेली असल्यास अर्काचा गुण उतरतो; ऊन-पावसाने तो लवकर निष्प्रभ होतो. रोग बळावल्यावर त्याच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय ‘बिनखर्ची उपाय’ म्हणताना निंबोळ्या वेचणाऱ्या व कुटणाऱ्या घरच्या स्त्रियांची मजुरी हिशेबात धरलीच जात नाही.

खरी अडचण अर्थशास्त्रीय आहे. जी वस्तू कोणीही घरी करू शकतो, तिच्या चाचण्यांवर खाजगी कारखानदार पैसा कशास घालील? पेटंट नाकारल्यावर ही जबाबदारी ओघानेच सार्वजनिक तिजोरीवर येते. कोणत्या रोगावर, कोणत्या हवामानात, किती मात्रेने व किती दिवसांच्या अंतराने फवारावे, याच्या चाचण्या कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्या रानात घ्याव्यात आणि फसलेले प्रयोगही मजुरीच्या हिशेबासह प्रसिद्ध करावेत. भुकटीचा कस तपासण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. तसे न झाल्यास प्रयोगाचा सारा धोका, ज्याला तो सर्वांत कमी झेपतो, त्याच लहान शेतकऱ्याच्या माथी येईल. जे सर्वांच्या मालकीचे, त्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, असे होता कामा नये.