घास मोजू नका, मूल बघा



परतूर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा चौदा महिन्यांचा. त्या लिहितात, "दोन घास झाले की तोंड मिटून घेतो. मोबाइलवर कार्टून लावले तर आणखी चार जातात. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला बरकत नाही. परवा मी त्याचे नाक दाबून भरवले. त्याला उलटी झाली, मग मीही रडले. आता वाटी दिसली तरी तो मान फिरवतो."

भगिनी, दोष तुमच्या हाताचा नाही. पण नाक दाबणे आजपासून बंद. रडणाऱ्या मुलाचा घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. शिवाय वाटी म्हणजे मार, हे त्याच्या मनात बसते आणि भूक असूनही ते खात नाही.

पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोच वाढते. त्यामुळे या वयात भूक थोडी कमी होणे स्वाभाविक आहे. मग दिवसभरात काय काय पोटात जाते ते बघा. चहा-बिस्कीट, कुरकुऱ्यांचे पाकीट आणि बाटलीभर दूध झाल्यावर भाकरीला जागा कुठे उरणार?

काय आणि कधी द्यायचे ते आईने ठरवावे. किती खायचे ते मुलाला ठरवू द्यावे. दिवसात तीन जेवणे आणि दोन छोटी खाणी ठेवा. मधल्या वेळेत पाणी पुरे. त्याला सर्वांबरोबर दस्तरखानावर बसवा, छोटी ताटली द्या, हाताने खाऊ द्या. सांडेल, सांडू द्या. अर्ध्या तासाने न रागावता ताटली उचला. मोबाइल दूर ठेवा. वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, चमचाभर तूप घातलेली खिचडी, उकडलेले अंडे, मऊ खिमा, शेंगदाण्याचा बारीक कूट असे काहीही चालेल. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नका, ते घशात अडकतात. नवा पदार्थ आठ-दहा वेळा नाकारला तरी पुन्हा समोर ठेवा. अंगावरचे दूध चालू असेल तर तोडू नका, फक्त ते जेवणाच्या तोंडावर पाजू नका.

पण प्रत्येक नकार हा हट्ट नसतो. दूध नाकातून येणे, प्रत्येक घासाला ठसका लागणे, पिताना घाम येऊन दमणे, गिळताच न येणे, वजन थांबणे किंवा घटणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नका. अंगणवाडीत वजन करा, दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण समजतात. लगेच सरकारी दवाखाना गाठा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांना तपासते. दुभंगलेला टाळू, हृदयाचा जन्मजात दोष, उशिरा होणारा विकास यांवर पुढचे उपचार त्यातून मिळतात.

कुपोषणाविरुद्ध राज्यातले राजमाता जिजाऊ मिशन २००५ मध्ये सुरू झाले. त्यातून पुढे आलेल्या ग्राम बाल विकास केंद्रांत अशक्त मुलांना दिवसातून अनेकदा, थोडे थोडे भरवत. घरातही हीच रीत ठेवा. अशक्त मुलाला एकाच वेळी वाटीभर जात नाही.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी एक गोष्ट. पवित्र कुरआनात जिथे दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तिथेच दूध सोडवण्याचा निर्णय आई-वडिलांनी परस्पर संमतीने व सल्ल्याने घ्यावा असे सांगितले आहे. म्हणजे मुलाच्या जेवणाचा भार एकट्या आईचा नाही. अब्बांनी रात्रीचे जेवण त्याच्याशेजारी बसून करावे. दादीमाँनी टोमणा न देता एक वेळ त्याच्यासमोर ताटली ठेवून पाहावी.

भगिनी, महिनाभर हे करा. दर पंधरा दिवसांनी वजन लिहून ठेवा आणि आम्हांला जरूर कळवा.