खरूज साऱ्या घराची, मग मलम एकालाच का?

मृगाच्या सरी सुरू झाल्या की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिली अर्थातच खाजवणारी. दुसऱ्यांना स्वतःला काहीच झालेले नसते. त्यांत रामआळीतले कापडवाले असतात, किराणा दुकानदार असतात, एखाद्या मंडळाचे खजिनदार असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, पंधरा ऑगस्टला वाडीवर मुलांसाठी काहीतरी वाटायचंय. काय वाटू?" आज दोघांनाही एकदमच उत्तर द्यावे म्हणतो, कारण ही दोन उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी खाजेविषयी. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने कपडे नीट वाळत नाहीत. मूल ओलसर गणवेश घालून शाळेत जाते आणि ओल्याच बुटांत दिवस काढते. घरातली बाई दिवसभर पाण्यात हात घालून असते, तर शेतकरी चिखलात उभा असतो. बुरशीला याहून सोयीचे काय असणार? जांघेत आणि काखेत गजकर्ण उठते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यावर घरी करण्यासारखे उपाय बिनखर्चाचे आहेत. आंघोळीनंतर अंग, विशेषतः जांघा व पायांची बोटे, कोरडी पुसावीत. प्रत्येकाचा पंचा वेगळा असावा. ऊन नसेल तर आतल्या कपड्यांवर गरम इस्त्री फिरवावी. पावसात घट्ट जीन्स आणि नायलॉनचे कपडे टाळून सैल सुती कपडे वापरावेत. अंगभर तेल चोपडून वर घट्ट कपडे घालू नयेत. गजकर्णावर लिंबू, लसूण किंवा रॉकेल चोळून कातडी भाजून घेतलेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो. कृपया तसे करू नये.

खरजेची गोष्ट वेगळी आहे. ती अस्वच्छतेमुळे होते हा गैरसमज आहे. डोळ्यांना सहसा न दिसणारा एक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो आणि त्यामुळे खाज सुटते. ती रात्री अधिक त्रास देते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर आणि कमरेभोवती पुरळ दिसते. एकमेकांना चिकटून झोपणाऱ्या माणसांत ती पसरते, म्हणून लहान घरात, वसतिगृहात व आश्रमशाळेत तिचे ठाणे असते. मुख्य म्हणजे, पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाज येतच नाही, पण तेवढ्या काळात तो ती दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणून घरातल्या एकट्या खाजवणाऱ्या पोराला मलम लावून भागत नाही. आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सर्वांवर एकाच दिवशी उपचार करावे लागतात, मग कोणाला खाज असो वा नसो. गर्भवती स्त्री आणि दोन महिन्यांच्या आतील बाळ यांच्यासाठी कोणते औषध, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

नेहमीचे औषध म्हणजे पाच टक्के परमेथ्रिनचे मलम. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून रात्रभर ठेवावे व सकाळी धुवावे. साधारण आठवड्याने हेच पुन्हा करावे. त्याच दिवशी कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस बाजूला ठेवावे. यानंतरही दोनचार आठवडे थोडी खाज राहते. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम थापत बसू नये.

आता दुकानदारांच्या प्रश्नाकडे वळतो. समजा, एखाद्या सज्जन व्यापाऱ्याने शंभर ट्यूब विकत घेतल्या. नेहमीची पद्धत अशी की शाळेच्या पटांगणात रांग लावायची, शंभर मुलांना एकेक ट्यूब द्यायची आणि फोटो काढायचा. मूल ती घरी नेते, एकटेच लावते, चार दिवस बरे वाटते, आणि मग शेजारी झोपणाऱ्या भावाकडून खरूज परत येते. महिन्याभराने शंभरच्या शंभर घरे होती तिथेच असतात. आता दुसरा हिशेब करू. तीस ग्रॅमची एक ट्यूब मोठ्या माणसाला एका वेळेला पुरते. पाच माणसांच्या घराला दोन वेळच्या मिळून आठदहा ट्यूब लागतात. म्हणजे त्याच शंभर ट्यूबमध्ये दहाबारा घरे पुरती बरी होतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की शंभर मुलांना वाटण्यापेक्षा दहा घरे बरी करावीत. त्यात एखादी छोटी वाडी अख्खी बसत असेल तर फारच उत्तम.

यावर कोणी म्हणेल की बाकीच्या नव्वद मुलांनी काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचा सल मलाही आहे. पण अर्धवट उपचाराने ती नव्वदही बरी होत नाहीत. शिवाय खरजेचे फोड खाजवून पिकतात आणि त्यातून पुढे काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, तेव्हा हा आजार किरकोळ समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातले ते उगाच नव्हे. एका दुकानदाराने दहा घरे घ्यावीत, दुसऱ्याने पुढची दहा. वाटपाआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आणि गावच्या आशाताईंना विचारावे. कोणत्या घरात किती माणसे आहेत हे त्यांना तोंडपाठ असते. शिवाय औषध डॉक्टरांनी तपासूनच द्यायचे असते.

फोटोविषयीही लिहिले पाहिजे. खरूज झालेल्या मुलाला वर्गात वेगळ्या बाकावर बसवतात आणि खेळायला घेत नाहीत. त्याच मुलाला व्यासपीठावर बोलावून हातात मलम देणे म्हणजे त्याच्या लाजेवर शिक्का मारणे होय. आपल्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून पतितपावन मंदिर उभे राहिले. ज्यांना इतर देवळांची दारे बंद होती, त्यांच्यासह सर्व हिंदूंसाठी ते खुले होते. बाहेर राहिलेल्याला आत घेणारे दान कसे असते, हे या गावाला बाहेरच्याने शिकवण्याची गरज नाही. मलमाचे दानही तसेच असावे. त्याने मूल चारचौघांत वेगळे पडू नये, उलट त्याला आपल्या बाकावर परत बसता यावे.

औषध दुकानदार मित्रांना मात्र माझे वेगळे मागणे आहे. त्यांनी काही वाटू नये, फक्त एक गोष्ट विकू नये. गजकर्णावर स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांचे मिश्रण असलेली मलमे लोक नावाने मागून नेतात. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ती आवडतात. पण स्टेरॉइडमुळे खाज दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. पुढे कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चट्टे पडतात आणि साध्या औषधांनी बरे होणारे गजकर्ण महिनोन्महिने हटत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अंगाला लावण्याच्या अनेक स्टेरॉइडांची सूट काढून ती चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. कायदा झाला, तरी गिऱ्हाईक काउंटरवर उभे राहून हट्ट धरतेच. अशा वेळी "चिठ्ठी आणा" म्हणून पन्नासशंभर रुपयांची विक्री सोडणारा दुकानदार माझ्या मते मोठा दाता आहे.

जे व्यापारी माणसे कामाला ठेवतात, त्यांनी दान करण्याआधी देणे फेडावे. काजूच्या टरफलातील तेलाने कारखान्यातील बायकांचे हात भाजतात. आंब्याच्या देठाचा चीक उडून बागेतल्या गड्यांच्या तोंडावर डाग पडतात. मिरकरवाड्याला बर्फात आणि खाऱ्या पाण्यात मासळी निवडणाऱ्यांच्या बोटांची सालटी निघतात. हातमोजे, साबण आणि हात धुवायला गोडे पाणी कामावर मिळणे हा त्यांचा हक्क आहे. चीक उडाल्यास लगेच साबणाने धुवावे हे मुकादमाने सांगितले पाहिजे. कामगारांना हे न देता दिवाळीत अनाथाश्रमाला मिठाई पाठवणे मला तरी पटत नाही.

हिवाळ्यासाठी आपल्याकडे घरचेच औषध आहे, ते म्हणजे कोकमाच्या बियांचे मुठेल. टाचा कोमट पाण्यात भिजवून, पुसून, रात्री गरम केलेले मुठेल भेगांत भरावे आणि जुने मोजे घालून झोपावे. दिवाळीला भेट द्यायचीच असेल तर बाहेरच्या सुगंधी खोक्यांऐवजी बचतगटाच्या बायकांकडून मुठेलाचे गोळे घ्यावेत. त्यामुळे त्यांचाही धंदा होतो आणि घेणाऱ्याच्या टाचाही भरतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र भेग खोल असेल तर डॉक्टरांनाच दाखवावी.

दोन गोष्टी घरी उपचार करण्याच्या नाहीत. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर घेतल्यास व्यंग टळते. दुसरे म्हणजे पायाला जखमा असताना शेतातल्या पाण्यात उतरल्यावर ताप व अंगदुखी आली, तर लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. शेतमजुरांना गमबूट देऊ इच्छिणाऱ्या दुकानदाराने ते लावणीआधी द्यावेत. पंधरा ऑगस्टपर्यंत लावणी उरकलेली असते.

तेव्हा यंदा वाटपाची तारीख कॅलेंडरवरच्या समारंभावरून न ठरवता रोगाच्या हंगामावरून ठरवावी. तीनचार दुकानदारांनी मिळून एक वाडी निवडावी, घरटी माणसे मोजावीत आणि एकाच रात्री सर्वांना मलम लावण्याची व्यवस्था आशाताईंकरवी करावी. आठवड्याने दुसरा हात द्यावा. दीड महिन्याने, फोटोवाला न घेता, तिथे पुन्हा जावे आणि किती घरांत रात्री शांत झोप लागते एवढेच विचारून यावे.