दह्याच्या पलीकडची मारिया आजी

'११७ वर्षं जगलेल्या आजीचं सीक्रेट' अशा टाइपची एखादी रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. मागे म्युझिक, समोर दह्याची वाटी आणि खाली 'सेव्ह करून ठेवा'. ही आजी म्हणजे स्पेनच्या कॅटालोनियातल्या मारिया ब्रान्यास मोरेरा. १९ ऑगस्ट २०२४ रोजी त्या गेल्या, तेव्हा त्यांचं वय होतं ११७ वर्षं १६८ दिवस. जानेवारी २०२३पासून त्या जगातल्या सर्वांत वयस्कर व्यक्ती होत्या. एवढं मोठं आयुष्य आणि आपण त्यातून काय उचललं, तर दही!

जरा मागे जाऊन त्यांचं आयुष्य बघू. जन्म ४ मार्च १९०७चा, तोही अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोमध्ये. वडील पत्रकार. पहिलं महायुद्ध सुरू असताना १९१५मध्ये हे कुटुंब बोटीनं स्पेनला परत निघालं. त्या प्रवासात दोन गोष्टी घडल्या. खेळता खेळता मारिया पडल्या आणि त्यांचा एक कान कायमचा गेला. आणि क्षयरोगानं वडील बोटीवरच वारले. आठ वर्षांची मुलगी वडिलांशिवाय बार्सिलोनाला पोचली.

१९३१मध्ये जोआन मोरेट या डॉक्टरांशी त्यांचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी सगळे चर्चमध्ये तासन् तास ताटकळत बसले आणि मग कळलं, की लग्न लावणारे पाद्रीच वारलेत! चर्चमध्ये फोन नव्हता. मग गाडी पाठवून दुसरे पाद्री शोधून आणावे लागले. पाच वर्षांनी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. त्या काळातही आणि नंतरही मारिया नवऱ्याच्या कामात मदत करत राहिल्या. १९७६मध्ये ते गेले. पुढे एका मुलाचा ट्रॅक्टरच्या अपघातातला मृत्यूही त्यांना बघावा लागला. मधल्या काळात ऐंशी ओलांडल्यावर या बाई इजिप्त, इटली, इंग्लंड फिरून आल्या. १०८ वर्षांच्या होईपर्यंत पियानो वाजवत होत्या. ट्विटरवर त्यांचं अकाउंट होतं, 'सुपर कॅटलान आजी' या नावाचं. मुलगी ते चालवायला मदत करायची. बायोमध्ये लिहिलं होतं, मी म्हातारी आहे, खूप म्हातारी आहे, पण मूर्ख नाही. एकदम कडक.

आता त्या दह्याकडे येऊ. आपला अभ्यास करा, असं मारिया आजींनी शास्त्रज्ञांना स्वतःहून सांगितलं होतं. बार्सिलोनाचे संशोधक मानेल एस्टेलर आणि त्यांच्या टीमनं त्यांचं रक्त, लाळ, लघवी, शौच अशा सगळ्याचे नमुने तपासले. २०२५मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आजी रोज तीनेक वेळा योगर्ट खायच्या आणि त्यांच्या आतड्यातले जिवाणू तरुण माणसासारखे होते, हे खरंच त्यात आहे. पण बाकीचंही आहे. त्यांच्याकडे काही दुर्मिळ, शरीराला सांभाळणारे जनुकीय बदल होते. शरीरातली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, कमी होती. त्यांचं जैविक वय खऱ्या वयापेक्षा सुमारे २३ वर्षांनी कमी निघालं. पण गुणसूत्रांच्या टोकाची टेलोमिअर, जी वयानुसार झिजतात, ती मात्र अगदीच तोकडी झाली होती. म्हणजे शरीर म्हातारं झालेलंच होतं, फक्त म्हातारपणाबरोबर आजार आले नाहीत. आणि एका माणसावरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढू नका, हे संशोधकांनीही बजावलंय. स्वतः आजीही शांत जगणं, माणसांशी चांगलं नातं, निसर्ग, त्रासदायक लोकांपासून लांब राहणं हे सगळं सांगून झाल्यावर एक गोष्ट आठवणीनं जोडायच्या: नशीब आणि चांगली जनुकं.

पण 'नशीब'वर रील होत नाही. नशीब विकताही येत नाही. दही, पावडर, गोळ्या, 'मॉर्निंग रूटीन' हे मात्र विकता येतं. म्हणून आपल्यापर्यंत तेवढंच पोचतं. त्यात गडबड अशी होते, की दीर्घायुष्य म्हणजे एकट्यानं शिस्त पाळून मारलेलं मैदान वाटायला लागतं. जो जगला त्यानं कमावलं आणि जो लवकर गेला त्याचं काहीतरी चुकलं, असा हिशोब. मारियांच्या वडिलांचं काय चुकलं होतं? त्यांना क्षय झाला, तेव्हा त्यावर औषधच नव्हतं.

आणि या हिशोबात आजींचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हरवतं. २०००पासून त्या ओलोट गावातल्या एका वृद्धाश्रमात राहत होत्या. २०२०च्या वसंतात, ११३ वर्षांच्या झाल्यावर काही आठवड्यांतच त्यांना कोव्हिड झाला. कित्येक दिवस त्या खोलीत एकट्या होत्या. त्या वाचल्या. त्याच काळात स्पेनच्या वृद्धाश्रमांमध्ये हजारो म्हातारी माणसं घरच्यांना न भेटता गेली. बऱ्या झाल्यावर आजींनी मुलाखतीत जे सांगितलं त्याचा आशय असा, की म्हातारी माणसं समाजाच्या विस्मरणात गेली आहेत, हे या साथीनं उघड केलं. त्यांनी आयुष्यभर कष्ट केले, स्वप्नं बाजूला ठेवली. अशा पद्धतीनं जाणं त्यांच्या वाट्याला यायला नको होतं.

जगातल्या मोजक्या लोकांना ज्या वयातून बोलता येतं, त्या वयातून ही बाई बोलत होती. ती तक्रार करत होती आणि आपण तिला डाएट विचारत होतो.

आपण विशीत आहोत. म्हातारपण हा आपला विषय नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्यापैकी अनेकजण म्हातारे होणार आहोत, आणि तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंइतकाच फरक आजूबाजूच्या माणसांनी पडणार आहे. मारिया आजींकडे दोन दशकं सांभाळणारा कर्मचारीवर्ग होता, शब्द जगापर्यंत पोचवणारी मुलगी होती, नातवंडं-पतवंडं होती. हे ज्यांच्याकडे नाही, त्यांची सोय कोण बघणार, हा प्रश्न सरकारचा आहे तसाच आपलाही आहे. मतदान करायला लागलोय ना आपण?

मारिया आजींनंतर 'जगातली सर्वांत वयस्कर व्यक्ती' हा मान जपानच्या तोमिको इतोओका यांच्याकडे गेला आणि काही महिन्यांत त्याही गेल्या. हे नाव बदलत राहणार आणि दर वेळी 'सीक्रेट'ची रील येणार. ती बघा, दहीही खा. फक्त दोन प्रश्न जास्तीचे विचारा: या आजीला सांभाळत कोण होतं? आणि ती खरं तर काय सांगत होती?