गुन्हा ड्रायव्हरवर, मुख्य कंत्राटदार मोकळा

1 ऑगस्ट 2023 ला शहापूरजवळ सरलांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळला आणि 20 जण गेले. मंत्री पोहोचले, मदत जाहीर झाली, उपकंत्राटदारांवर गुन्हा नोंदला गेला. एकाच रात्री 20 गेले म्हणून. घाटकोपर-मुलुंडच्या पुनर्विकासात रिव्हर्स येणाऱ्या डंपरखाली एकटा बिगारी सापडला की बहुतेक वेळा गुन्हा फक्त ड्रायव्हरवर लागतो.

तो ड्रायव्हरही मजूरच. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना रस्त्यावर बंदी, म्हणून मिक्सर आणि डंपर रात्री धावतात. पैसे फेरीवर मिळत असतील तर घाई आलीच. गाडीच्या मागचं त्याला दिसत नाही. तिथे शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस लागतो, चालण्याची वेगळी वाट लागते, पुरेसा उजेड लागतो. हे ड्रायव्हरने आणायचं नसतं, साइट चालवणाऱ्याने आणायचं असतं.

पण जबाबदारी चार ठिकाणी वाटलेली असते. गाडी ट्रान्सपोर्टवाल्याची, माणूस मुकादमाचा, काम कंत्राटदाराचं, जमीन बिल्डरची. कायद्याने मात्र ही पळवाट 1923 च्या भरपाई कायद्यातच बंद केली होती: ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ काम देणाऱ्याकडूनही मागता येते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांमध्येही हे तत्त्व टिकलं आहे.

इथे आपल्या कार्यकर्त्यांनाही एक प्रश्न. नाक्यावर आपण कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीची शिबिरं घेतो, 90 दिवसांच्या दाखल्यासाठी धावतो, पेटी आणि भांड्यांचा संच मिळवून देतो. चांगलंच आहे. पण त्यातल्या किती जणांनी भरपाईचा एक तरी दावा लढवला आहे? मीही फार उशिरा शिकले. मंडळाची मदत वेगळी आणि मालकाकडून हक्काची भरपाई वेगळी, हे कुटुंबाला कुणी सांगत नाही. मुकादम रोख रक्कम घेऊन येतो, कागदावर अंगठा घेतो आणि मृतदेह गावाकडे रवाना होतो. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते हे आपण दर जयंतीला सांगतो, पण त्या खात्याचं काम नाक्यावर कुणी करायचं?

म्हणून पहिल्याच दिवशी साइटच्या फलकाचा फोटो काढा, त्यावर बिल्डर आणि कंत्राटदाराचं नाव असतं. गाडीचा नंबर, हजेरीची वही, मजुरीचे व्हॉट्सॲप मेसेज, एफआयआरची प्रत जमवा. सोबत काम करणाऱ्या दोघांचे गावचे पत्तेही घ्या, कारण आठवड्यात ते दुसऱ्या साइटवर गेलेले असतात.