न चिकटणारा डबा



गेल्या आठवड्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी कबूल करते.

हस्तकलेच्या तासाला चौथीतल्या एका मुलाने दप्तरातून प्लॅस्टिकचा डबा काढला. झाकणाची क्लिप तुटली होती. "बाई, तीनदा चिकटवली, तरी निघते." मी म्हटलं, "घाई केली असशील. नीट दाबून धरलं तर चिकटेल की!" बिचारा रडवेला झाला. घरीही त्याने बोलणी खाल्ली होती.

मग तो डबा मीच घरी नेला. पुसला, गम लावला, वर वरवंटा ठेवला. सकाळी हात लावते तो काय, क्लिप टक्कन सुटली! वाळलेला गम सालीसारखा अख्खा निघाला. म्हणजे चूक मुलाची नव्हतीच!

मग कोणाची? डबा उलटा करून पाहिला. तळाला बाणांचा त्रिकोण आणि आत ५ आकडा. हे पॉलिप्रॉपिलीन. इटलीचे शास्त्रज्ञ जूलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते घडवलं आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्रिकोणात २ किंवा ४ असेल तर ते पॉलिथिलीन. ही दोन्ही भावंडं भारी हट्टी, कुणाला चिकटू देत नाहीत!

असं का? एक प्रयोग करा. स्वच्छ काचेवर पाण्याचा एक थेंब टाका, एक अशा डब्यावर. काचेवरचा पसरेल, डब्यावरचा फुगून बसेल. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि डब्याची त्यांना ओढ फार कमी. शास्त्रज्ञ ही ओढ मोजतात. पाण्याचा आकडा सुमारे ७२, तर पॉलिप्रॉपिलीनचा जेमतेम ३०. गम आधी नीट पसरला पाहिजे, तरच तो पृष्ठभागाला धरणार ना?

आता पाण्यात थोडा साबण कालवून थेंब टाका. पसरला की नाही? मग गममध्ये साबण घालायचा का? छे! पसरणं वेगळं आणि चिकटणं वेगळं. साबण मध्येच राहतो आणि जोड कच्चाच होतो.

मोटारींचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचेच असतात. त्यांच्यावर रंग टिकावा म्हणून कारखान्यात एक मध्यस्थ वापरतात. त्याचं नाव क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन. नाव लांबलचक, पण काम सोपं. त्याचा एक भाग प्लॅस्टिकचाच भाऊबंद, म्हणून तो त्यात मिसळतो. क्लोरीनचा भाग रंगाशी जमवून घेतो. लग्नात दोन्हीकडचा नातेवाईक असतो ना, तस्साच!

पूर्वी हा पदार्थ टोल्युइन, झायलीन अशा द्रवांत विरघळवत. त्यांची वाफ कामगारांच्या तब्येतीला वाईट. म्हणून आता त्याचे बारीक कण पाण्यात पसरवूनही वापरतात, दुधात स्निग्धांशाचे कण असतात तसे. हे पांढरट पाणी अस्तर म्हणून आधी लावतात किंवा रंगातच मिसळतात. मग गरम हवेत पाणी उडून जातं, कण मऊ होऊन एकजीव होतात आणि प्लॅस्टिकला धरतात.

पण हे कारखान्याचं काम, बरं का! खाण्याच्या डब्यावर असली रसायनं मुळीच लावायची नाहीत.

मग आमच्या डब्याचं काय झालं? मी दाभण तापवून दोन भोकं पाडली आणि क्लिप तारेने बांधली. (तुम्ही हे मोठ्यांकडूनच करून घ्या.) त्यात आता खडू राहतात. डबा परत देताना सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "बाळा, माझंच चुकलं." तो नुसता हसला.

पालकहो, मूल "होत नाही" म्हणालं, तर रागावण्याआधी एकदा आपणही करून पाहावं. आणि मुलांनो, घरातल्या पाच वस्तू उलट्या करून आकडे वहीत लिहा पाहू!

तुमच्या बाई