मोडनिंब ते जिद्दा : तिकिटावरची वेळ आणि खरी वेळ

उमऱ्याला निघणाऱ्यांची तिकिटे वाचून द्यायचे काम गावात बहुधा आम्हा शिक्षकांकडेच येते. त्यातला ठरलेला प्रश्न असा : "सर, मुंबईहून रात्री १० ला विमान सुटणार आणि पाऊण वाजता जिद्द्याला उतरणार, म्हणजे पावणेतीन तासच ना?"

नाही. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते, उतरण्याची सौदीच्या. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे विमानात सव्वापाच तास काढायचे आहेत. परतीच्या तिकिटावर उलटे दिसते. रात्री १० ला जिद्दा सोडले की मुंबईला पहाटे सव्वापाच. वाटतात सव्वासात तास, असतात पावणेपाच. हा अर्धा तास वाऱ्याने वाचतो. विशेषतः हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते येताना विमानाला पाठीमागून रेटतात.

मुंबई ते जिद्दा सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. मोडनिंब ते मुंबई सडकेने साधारण साडेतीनशे. म्हणजे दहापट अंतर विमान पाच तासांत कापते आणि आपली गाडी पुणे, घाट करीत मुंबईलाच सात-आठ तास घेते! अम्मी-अब्बांचा खरा थकवा याच टप्प्यात आहे. त्यात विमानतळावर तीन-चार तास आधी हजेरी, उतरल्यावर कागदपत्रांची रांग, पुढे मक्का आणखी शंभरेक किलोमीटर. घराच्या उंबऱ्यापासून वीस तास धरावेत. जमत असेल तर एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करावा. (१९९५ पर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे जात; त्यांना आठवड्याहून अधिक लागे. पण जहाजात पाय पसरून निजता तरी येत असे.)

साखरेचा आजार असलेल्यांनी इथे फार सावध राहावे. गोळी "रात्री ९ ला" घ्यायची सवय असली, तरी कोणाच्या ९ ला? मागच्या गोळीनंतर किती तास झाले ते मोजावे लागते. निघण्यापूर्वी तिकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि वेळा कागदावर लिहून आणाव्यात. इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते.

रमजानमध्ये दिवसाचे विमान असेल तर रोजा लांबतो. जिद्दा मुंबईच्या पश्चिमेला सुमारे ३४ रेखांश आहे. एका रेखांशाला ४ मिनिटे, हे सहावीच्या मुलांनाही येते. तेव्हा तिथला मगरिब आपल्यापेक्षा साधारण सव्वादोन तास उशिरा. मुंबईत इफ्तारची वेळ झाली म्हणून विमानात रोजा सोडता येत नाही, खिडकीबाहेर सूर्य असतोच. सहरीला पाणी पुरेसे प्यावे. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, वयस्करांनी ती जरूर विचारात घ्यावी.

राहिला एहराम. मीकात जिद्द्याच्या साधारण अर्धा तास आधी येते, म्हणजे उड्डाणानंतर साडेचार-पावणेपाच तासांनी. ऐन तेव्हाच डोळा लागलेला असतो. नीयत न करता मीकात ओलांडली, तर दम देण्याची पाळी येऊ शकते. विमानाच्या चिंचोळ्या शौचालयात गुस्ल होत नाही, म्हणून पुरुषांनी चादरी घरी किंवा मुंबईलाच नेसाव्यात. नीयत विमानात केली तरी चालते. शेजारच्याला "उठवा हं" म्हणून सांगून ठेवावे. विमान आधी मदिनेला उतरणार असेल, तर मात्र ही घाई नाही. त्यांचा एहराम मदिनेहून मक्केला निघताना, वाटेत जुल-हुलैफाला.