दम लागतो, पण सांगतं कोण?

"दम लागतो का हो?" असं एखादीला विचारून बघा. "छे, तसं काही नाही," हेच उत्तर येतं. ती खोटं बोलत नसते. दम लागू नये म्हणून तिने कामंच बदललेली असतात. गच्चीवर धुणं वाळत घालायचं काम सुनेकडे गेलेलं असतं, हंडा निम्माच भरलेला असतो आणि बाजारातून येताना दोन ओळखीच्या दारांशी बोलायच्या निमित्ताने थांबायची सवय झालेली असते. मग दम लागणार कसा?

जालना एमआयडीसीच्या आसपास, चंदनझिऱ्याकडे राहणाऱ्या मैत्रिणींना काळी धूळ नवीन नाही. भंगार वितळवून सळया करणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल शेजारी म्हटल्यावर सगळा दोष धुराकडे जातो. त्या धुराबद्दल बोललंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण माझी तक्रार वेगळी आहे. "इथल्या हवेनेच होतंय" म्हटलं काय किंवा "टेन्शन घेता तुम्ही" म्हटलं काय, दोन्हीत तपासणी राहूनच जाते. हाती येते टॉनिकची बाटली, नाहीतर सलाईन!

दम लागणं हा आजार नाही, ती खूण आहे. तिच्यामागे रक्त कमी असणं असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, तर गरोदरपणात ११ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. पण रक्त कमी निघालं म्हणून शोध तिथेच थांबवू नये, एकीला दोन कारणंही असतात. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापाने हृदयाची झडप आकसलेली असते आणि ते कळतं थेट गरोदरपणात. बाळंतपणाच्या आगेमागे हृदयाचा स्नायूच कमजोर होतो, असंही घडतं. आडवं पडलं की दम लागतो, उशाला दोन उशा लागतात, पाय सुजतात, ही लक्षणं "ओल्या बाळंतिणीला थकवा असायचाच" म्हणून सोडून देऊ नका. ईसीजी आणि इको करून घ्या.

फुप्फुसाचं म्हणाल तर विडी-सिगारेट न ओढणारीलाही सीओपीडी होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावरच लेख लिहिला होता. त्यात चुलीच्या धुराचं कारण ठळक आहे. आता घरात गॅस आला असला, तरी माहेरी वीस वर्षं फुंकणी धरलेली असते ना!

दमा आहे की सीओपीडी, हे नुसत्या एक्स-रेवर ठरत नाही. दम्यात तर तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते. खोल श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, रिकामं होईपर्यंत फुंकायचं. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर आली, ते मशीन सांगतं. मग श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ओढायला देऊन थोड्या वेळाने परत फुंकायला लावतात. आकडा बराच सुधारला, तर दम्याची शक्यता वाढते. ना सुई, ना दुखणं. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवतो म्हणून निर्धास्त राहू नका. रक्तक्षयात आणि दम्यातही तो आकडा चांगला दिसू शकतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर "अशक्तपणा वाटतो" एवढंच सांगू नका. वर्षभरात कोणती कामं सोडली, ते सांगा. बरोबरीच्या बाईसोबत चालताना मागे पडता का? सपाट रस्त्यावर थांबावं लागतं का? अंघोळ करताना, लुगडं नेसताना धाप लागते का? डॉक्टर याच पायऱ्यांनी दम मोजतात. अचानक दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळे पडले किंवा एकच पाय सुजून दम लागला, तर मात्र सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

नवऱ्याच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर उपचाराचा हक्क बायकोलाही आहे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक अर्ज लिहा. आठवड्यातून एक दिवस फुंकायचं ते मशीन एमआयडीसीच्या वस्त्यांमध्ये आणा म्हणावं, आणि ते दुपारी आणा. सकाळी आम्हाला पाणी भरायचं असतं.